सात आठे चोपन्न

मुलीचा दाखला आणायला धरणाकाठच्या शाळेत गेलो, तेव्हा एक रंगारी बाहेरच्या भिंतीवरचे जुने पाढे गिरवत होता. दुसऱ्या दिवशी शाळेला श्रेणी देणारी समिती येणार होती. प्रत्येक आकडा झाला की तो दोन पावलं मागं सरायचा, मान कलती करून बघायचा आणि ब्रश पायजम्याला पुसायचा.

साताच्या पाढ्यात सात आठे चोपन्न होतं. मी म्हणालो, "अहो, छप्पन्न पाहिजे."

"ठावं हाय. गेल्या साली माज्याच हातनं चुकलं. सरांना म्हणलं, पुसतो. ते म्हणलं, ऱ्हाऊ दे, ह्याच भिंतीचा फोटो वर हापिसात गेलाय. आता बदललं तर चूक कबूल केल्यागत व्हईल. हाय तसंच गिरव."

"आणि शिकवताना बाईंच्या लक्षात येत नाही?"

"बाई शिकवत्यात कवा? दिसभर मोबाइलवर फोटोच भरत्यात."

"मग पोरांचं काय?"

त्यानं ब्रश रंगात बुडवला. "मार्क भिंतीला हायेत, सायेब. पोरांना न्हाईत."

आणि चार ठळक केला.

तेवढ्यात आतल्या वर्गात पोरांनी खिडकीतून ह्याच भिंतीकडं बघत पाढा म्हणायला सुरुवात केली. सात आठे चोपन्न. एकही पोर अडखळलं नाही.