चढताना एक, उतरताना दुसरी

काबाई हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. कारखाना म्हणजे तीन टेबलं, एक मोठी खिडकी आणि सहा माणसं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं यायची आणि इथून कवळ्या तयार होऊन जायच्या. बाई तिथे सव्वीस वर्षं मेणात दात बसवत होत्या. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायची खोड. आज प्लास्टर एवढं लवकर का आवळलं? या गृहस्थांचे खालचे दात एकाच बाजूने का झिजलेत, तोंडात खिळे धरून काम करतात का? शेवटी एक दिवस मालकांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही नुसत्या बाई नाही, काबाई आहात." ते नाव घरापर्यंत पोचलं, आणि नवराही तेच म्हणायला लागला.

बावन्नाव्या वर्षी काबाईंच्या डाव्या हाताला अपघात झाला. कवळी घासायच्या मोटारीचं चाक फिरत होतं, कवळी हातातून निसटली, आणि ती पकडायला गेलेली अनामिका चाकाखाली आली. बोट वाचलं, पण आतून बोट वाकवणारी जी दोरी असते ती तुटली. डॉक्टरांनी ती शिवली, सहा आठवडे हात पट्टीत बांधून ठेवला. पट्टी सुटली तेव्हा बोट लाकडासारखं ताठ होतं.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण बाई होती. तिने स्पंजचा बॉल दिला. रोज तीनशे वेळा दाबायचा. दहा दिवसांत काबाईंचा जीव विटला.

"बॉलच का पण?" त्यांनी विचारलं.

"बॉलच असं नाही. बोटं वाकली पाहिजेत, ताणली पाहिजेत, आणि एकेक सुटं चाललं पाहिजे. ज्यात हे होईल ते करा." मग ती हसून म्हणाली, "गिटार वाजवा हवं तर."

ती गंमतीने बोलली होती. पण काबाई त्या दिवशी घरी जाताना वाट वाकडी करून ड्रायक्लीनिंगच्या दुकानाशी थांबल्या. दुकानाच्या वरच्या खिडकीत 'गिटार शिकवली जाईल' अशी पाटी त्यांनी कित्येकदा पाहिली होती.

वर एकच खोली, खालून येणाऱ्या वाफेने कायम कोमट. मास्तर सत्तरीचे, अंगाने काडी. वीस वर्षं एका हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवत आणि गात होते. आता फक्त शिकवत, आणि तेही तोंडातल्या तोंडात बोलून. त्यांनी तोंड उघडलं आणि काबाईंनी पहिल्या मिनिटात ओळखलं, वरची कवळी आहे, बेताच्या हाताने केलेली आहे, आणि डावीकडे उंच आहे. 'स' म्हणताना शिट्टी वाजत होती. पण पहिल्याच भेटीत माणसाच्या तोंडातलं काढायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

"संगीत येतं का थोडंफार?" मास्तरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग या वयात गिटार का?"

आपल्यालाही कुणी हा शब्द विचारू शकतं याचं काबाईंना मनातून बरं वाटलं. त्यांनी बोट पुढे केलं आणि सगळी हकीकत सांगितली. मास्तरांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "ठीक आहे. जेवढं वाकतंय तेवढ्यात वाजवू."

सहा महिन्यांत बोट बरंच वाकू लागलं. काबाई कारखान्यात परत जाऊन अर्धा दिवस काम करू लागल्या, तरी गिटार सुटली नाही. तारेखाली आडव्या पट्ट्यांमध्ये जी जागा असते तिला मास्तर 'घर' म्हणत. पहिलं घर, दुसरं घर, असं बारापर्यंत. बारावं घर आलं की पुन्हा तोच सूर, फक्त उंच. काबाईंना ही घरं आवडली. हसऱ्या सुराचं मेजर सप्तक झालं, उदास सुराचं मायनर झालं. मग एका गुरुवारी मास्तर म्हणाले, "आज मेलोडिक मायनर. मायनरचाच एक प्रकार."

त्यांनी पाचवी तार मोकळी छेडली आणि एकाच तारेवर चढत गेले. दुसरं घर, तिसरं, पाचवं, सातवं, नववं, अकरावं, बारावं. मग उतरताना दहावं, आठवं, सातवं, आणि तसेच खाली मोकळ्या तारेपर्यंत.

काबाईंनी कान टवकारले. "थांबा. वर जाताना नववं आणि अकरावं. खाली येताना दहावं आणि आठवं?"

"बरोबर."

"म्हणजे चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी. का?"

"तसंच असतं ते."

"पण का?"

मास्तरांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "काबाई, मला माझ्या मास्तरांनी असंच शिकवलं. मी पाठ केलं. चाळीस वर्षं वाजवतोय, एकदाही अडलं नाही. तुम्ही पण पाठ करा."

पाठ करायला काबाईंची ना नव्हती. पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. मेणात दात बसवताना त्या मनात घरं मोजत. नऊ, अकरा, बारा. दहा, आठ, सात. सव्वीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. दात उगाच वाकडा नसतो. त्याला कुठून तरी काहीतरी ढकलत असतं. सुरांचंही तसंच असणार.

रविवारी दुपारी त्या बाहेरच्या खोलीत सराव करत बसल्या होत्या. नवरा स्वयंपाकघरात मटार सोलत होता. टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्यात त्याची हयात गेली होती, आणि गाण्याशी संबंध रेडिओ बंद करण्यापुरता. काबाई चढत होत्या. सातव्या घरापर्यंत ठीक गेलं. पुढे अनामिकेने नवव्यात पोचायचं होतं, पण ती आखडली आणि आठव्यातच टेकली. पुढचं अकरावं आणि बारावं मात्र बरोबर लागलं.

आतून आवाज आला, "काय पडलं तिथे?"

"काही नाही पडलं."

"मग धडपडल्यासारखं काय झालं?"

काबाई बोटांकडे बघत राहिल्या. आठव्यातून एकदम अकरावं. तीन घरांची उडी. बाकी सगळीकडे एक घर नाहीतर दोन घरं, आणि इथेच तीन. त्यांनी तेवढाच तुकडा गाऊन पाहिला. त्यांचा गळा कामचलाऊ होता, आणि तो त्या उडीवर असा अडखळला की त्यांनाच हसू आलं.

"अहो, हातातलं ठेवा आणि इकडे या जरा."

"मटार?"

"मटार कुठे पळत नाहीत. या."

नवरा टॉवेलला हात पुसत आला. काबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. "मी वाजवते. काय वाटतं ते सांगायचं. कळत नाही असं म्हणायचं नाही."

"पण मला खरंच कळत..."

"म्हणूनच तुम्ही हवे आहात."

आधी त्यांनी साधं मायनर चढवलं, म्हणजे आठवं, दहावं, बारावं. "कसं वाटलं?"

नवऱ्याने डोकं खाजवलं. "पोचलं. पण पोचायची घाई नव्हती कुणाला. पत्त्यावर पत्र गेलं, पण दार न वाजवता टाकून आलं, असं काहीतरी."

मग त्यांनी दहाव्याच्या जागी अकरावं घेतलं, आठवं तसंच ठेवलं. अकरावं बाराव्याला अगदी लागून, त्यामुळे शेवट नेमका बसला. "आता दार वाजलं," नवरा म्हणाला. "पण जिन्यात ठेच लागली. मघाशी तेच पडलं होतं."

आता त्यांनी आठव्याच्या जागी नववं घेतलं. नऊ, अकरा, बारा. ठेच गेली, आणि दारही वाजलं.

"हे छान आहे," नवरा म्हणाला. "हेच वाजवत जा ना."

"आणि उतरताना?" काबाई स्वतःशीच बोलल्या. उतरताना बारावं घर मागे पडतं. तिथे पोचायचंच नाही, तर अकराव्याने ओढून न्यायचं कुणाला? मग अकरावं आपल्या मूळच्या दहाव्यात परत जातं. आणि दहावं आलं की नवव्याचंही काम संपलं, ते आठव्यात जातं. एका सुरासाठी दुसरा हलला होता, पहिला घरी गेला तसा दुसराही गेला.

"अहो! सापडलं!"

"छान," नवरा उठत म्हणाला. "मी जाऊ?"

गुरुवारी काबाईंनी हे सगळं मास्तरांपुढे मांडलं. वाजवून, गाऊन, आणि नवऱ्याच्या ठेचेसकट. मास्तर ऐकत होते. मध्येच त्यांनी पाचव्या तारेवर बोट ठेवून आठ, अकरा, बारा करून पाहिलं, मग नऊ, अकरा, बारा. पुन्हा एकदा. खालून इस्त्रीची वाफ फुसकन सुटली.

"चाळीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही. आणि मी विचारलंही नाही."

"तुम्ही गाऊन दाखवा ना एकदा. माझ्या गळ्यात नीट कळत नाही. तुम्ही गायचात ना बँडमध्ये?"

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी तोंडाकडे बोट केलं. "दात गेले, गाणं गेलं. हे लावून नुसती शिट्टी वाजते. माणसं हसतात."

आता मात्र काबाईंना राहवलं नाही. "वरची कवळी डावीकडे उंच आहे, आणि पुढचे दात जरा जास्तच बाहेर बसवलेत. पहिल्या दिवसापासून बघतेय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलत होतात. म्हटलं, तुम्हालाच नको असेल."

मास्तर आधी रागावले, मग म्हणाले, "होईल का काही?"

कारखान्याला मापं पाठवणाऱ्या एका डॉक्टरांकडे काबाई त्यांना स्वतः घेऊन गेल्या. माप आलं. अपघातानंतर काबाईंनी पूर्ण कवळी एकटीने केली नव्हती, अर्ध्या दिवसात त्यांच्याकडे साधी दुरुस्तीच असायची. ही त्यांनी मागून घेतली. डाव्या हातात साचा धरायचा आणि उजव्या हाताने मेणात एकेक दात सरकवायचा. अनामिका साच्याच्या कडेला घट्ट धरून राहिली. पुढचे सहा दात त्यांनी चार वेळा काढून पुन्हा बसवले. मालक येऊन बघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर पूर्वीसारखं पूर्ण काम येऊ लागलं.

डॉक्टरांनी कवळी बसवली त्या दिवशी काबाई खुर्चीशेजारी उभ्या होत्या. "'स' म्हणा," त्या म्हणाल्या.

"स," मास्तर म्हणाले. शिट्टी नव्हती. "स, स, सरळ, सोसायटी, ससा." डॉक्टर हसले. मास्तर आरशात बघत होते, आणि त्यांनी हळूच तोच आरोह धरला. आवाज जाडाभरडा, वापरात नसलेला, पण सूर पक्का. वर पोचले, क्षणभर थांबले आणि उतरले. बाहेर वाट बघणारे लोक दारात डोकावू लागले.

काबाईंनी मात्र कपाळाला आठी घातली. "मास्तर, उतरताना चुकलात. वर गेलात तेच सूर घेऊन खाली आलात. अकरावं आणि नववं."

"चुकलो नाही." मास्तर आता स्पष्ट बोलत होते, आणि बोलायची चटक लागल्यासारखे बोलत होते. "बँडमध्ये आम्ही असंच घ्यायचो. वर खाली एकच."

"पण मग माझं कारण? उतरताना अकराव्याला काय काम?"

"तुमचं कारण खरं आहे, कुठून कुठे तरी जायचं असेल तेव्हा. आम्ही कुठे जातच नव्हतो. तीन-चार सुरांची एक कॉर्ड धरायची आणि तिच्यात फिरत राहायचं. खोलीत तुम्ही खिडकीकडून दाराकडे गेलात काय आणि दाराकडून खिडकीकडे आलात काय, भिंतीचा रंग बदलतो का?" मग ते हसले. "बघा, मलाही कारण सांगता आलं. तुमची संगत."

काबाई घरी जाईपर्यंत त्यावर विचार करत राहिल्या. आपलं उत्तर मोडलं म्हणून त्यांना वाईट वाटलं नाही. एकाच्या जागी दोन झाली, एवढंच.

पुढच्या महिन्यात वरच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून गुरुवारची शिकवणी त्या आठवड्यात रविवारी, दुकान बंद असताना, खाली दुकानात भरली. दोन्ही बाजूंना पिशव्या घातलेले कोट टांगलेले, आणि मध्ये दोन स्टुलं. दुकानातली इस्त्रीवाली राहिलेलं काम उरकायला आली होती. मास्तर गात होते, काबाई साथ करत होत्या. गाणं मास्तरांचंच, बँडच्या काळातलं. मधल्या भागात काबाईंनी त्यांच्या मागून एकटीने पाचव्या तारेवरून वर जायचं आणि त्याच सुरांनी खाली यायचं होतं. अनामिका पूर्ण वाकत नव्हती, ती कधी पूर्ण वाकणारही नव्हती. त्यांनी नवव्या घरासाठी करंगळी लावायला शिकून घेतलं होतं.

गाणं संपलं. इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली होती.

"तुम्ही एकट्या वाजवत होतात ना, तेव्हा एका जागी गळ्यात काहीतरी आलं माझ्या," ती म्हणाली.

काबाई स्टुलावर पुढे सरकल्या. "कुठे?"

"ते काय मला सांगता येणार?"

"सांगू नका. मी सावकाश वाजवते. ती जागा आली की हात वर करा."

ती नववंच सांगणार, फार तर अकरावं, अशी काबाईंची खात्री होती. त्यांनी मोकळ्या तारेपासून एकेक सूर थांबत घेतला. इस्त्रीवालीने डोळे मिटले. वर जाताना हात हलला नाही. नववं गेलं, अकरावं गेलं, बारावं आलं. उतरताना अकरावं, नववं, सातवं, पाचवं, आणि हात वर गेला.

काबाईंनी बोट कुठे आहे ते वाकून पाहिलं. तिसऱ्या घरात.

"पण इथे तर काहीच बदलत नाही!" त्या म्हणाल्या. "चढताना तिसरं, उतरताना तिसरं. साध्या मायनरमध्येही तिसरंच."

मास्तर मान डोलावत होते. "तेच एक घर चौथं केलं की झालं मेजर. बाकी सगळं तसंच. तुम्ही आणि मी वरच्या दोन सुरांच्या मागे लागलो, आणि मायनर बसलाय इथे खाली."

"पण एका घराने एवढं?" काबाई म्हणाल्या, आणि इस्त्रीवालीकडे वळल्या. "जरा थांबता का? आता चौथं वाजवते. काय वाटतं ते सांगा. कळत नाही असं म्हणायचं नाही."

इस्त्रीवालीने एकदा उरलेल्या कपड्यांकडे पाहिलं, इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि कोट बाजूला सारून टेबलाला टेकून उभी राहिली.