वर्तुळातली खुर्ची

छडी बंद करून मुलांना गोल बसवायचं, दुखावलेल्याला आधी बोलू द्यायचं आणि दुखावणाऱ्यानं ते ऐकून चूक सुधारायची, एवढं शिकायला मला तीन दिवस प्रशिक्षणाला धाडलं होतं. परत आलो तो सगळ्यांना सुधारायच्या तयारीनंच.

प्रकरणही आयतं मिळालं. आठवीतला एक मुलगा वर्गातल्या एका मुलीला 'वाढं' म्हणून चिडवायचा. वाढं म्हणजे उसाचा तोडून टाकलेला शेंडा. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. यंदा तिला आत्याकडे ठेवून शिकवायचं ठरलं होतं, पण ती हट्टाला पेटली होती, "शाळा नगं, मी तुमच्यासंगं येते." टोळीची गाडी चार दिवसांनी निघणार होती. तेवढ्यात तिचं मन वळावं म्हणून मी वर्तुळ भरवलं.

मुलाचे वडील गावचे पुढारी. ते येणार म्हटल्यावर मुख्याध्यापकांचा जीव वर-खाली. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं हा माझा नियम. पुढाऱ्यांना खुर्ची हा गावाचा. शेवटी खुर्ची वर्तुळातच ठेवली. मग पाहुणे आलेत आणि सत्कार नाही, हे आमच्या बीड जिल्ह्यात कसं चालेल? शाल, श्रीफळ, फेटा. पोरानं पोरीला छळलं म्हणून बापाचा सत्कार करणारी आमची शाळा पहिलीच असावी.

हातात डस्टर असेल त्यानंच बोलायचं ठरलं होतं. डस्टर पुढाऱ्यांकडे गेलं आणि तिथंच राहिलं. रस्ता झाला, पाण्याची टाकी झाली, मुलींचं शिक्षणही झालं. चिरंजीव बापाच्या फेट्याच्या शेमल्याशी खेळत होते.

अखेर डस्टर मुलीपाशी आलं. प्रशिक्षणात शिकवलेल्या मऊ आवाजात मी विचारलं, "बाळा, तुला कुणामुळं वाईट वाटलं?"

"त्याचं काय न्हाई सर, त्यो समद्यांनाच चिडवतो," ती म्हणाली. "पण त्यो पहिल्यांदा म्हनला तवा तुमी लई हसलतात."

हसलो होतो. हातातला खडू पडेपर्यंत हसलो होतो. लाजेनं माझे कान तापले. नियमाप्रमाणे आता डस्टर मी घ्यायला हवं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापक आभार मानायला उभे राहिले आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी ती आईबापाबरोबर गाडीत बसून कारखान्याकडे गेली. हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीचं कारण मीच लिहिलं: पालकांचे स्थलांतर.