उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

मुलुंडच्या एका सेंटरमध्ये मी एमआरआय काढते. टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे. लोक ही आठवण वरचेवर करून देतात, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी गोरेगावची एक मुलगी दर रविवारी आमच्याकडे यायला लागली. पीएचडी करत होती. चांगली धडधाकट माणसं घेऊन यायची आणि त्यांच्या मेंदूचे लांबलचक स्कॅन करून घ्यायची. चहा पिता पिता तिने मला सगळं समजावलं. मेंदूतलं पाणी सतत हलत असतं, कुठे मोकळं, कुठे एकाच दिशेने. मेंदूची वरची साल बाहेरून सगळी सारखीच दिसते, पण आतली पेशींची आणि तंतूंची मांडणी जागोजागी वेगळी असते, म्हणून पाण्याची चालही वेगळी. ती चाल टिपायची आणि सालीचा एक भाग कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो ते ठरवायचं. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी गाठी आणि गुठळ्याच बघत आले होते.

तिच्या प्रत्येक माणसाच्या उजव्या कानशिलावर मी माशाच्या तेलाची एक पिवळी कॅप्सूल चिकटपट्टीने लावायचे. तेल स्कॅनमध्ये पांढरं चमकतं, त्यामुळे उजवी बाजू कोणती यावर वाद राहत नाही. ही अक्कल मला ठेच लागूनच आली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पेशंट कसा झोपलाय याची नोंद मी चुकीची केली आणि चित्रात डावं-उजवं उलटं झालं. डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, पण त्या आजोबांना दहिसरहून पुन्हा बोलवावं लागलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

"आज कुणाच्या डोक्यावर मासळीबाजार भरवतेस गं?" रिसेप्शनवरची विचारायची. मी म्हणायचे, "तू बस, तुझ्या पण लावते."

एका रविवारी ती मुलगी एकटीच आली. चेहरा उतरलेला. बोलण्याशी संबंध असलेला भाग बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे जास्त ठळक दिसतो. तिच्या चार जणांत तो उजवीकडे दिसत होता. तिने तिच्या गाईडना फोन लावला. ते मोठे डॉक्टर. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"टेक्निशियनने माणसं उलटी लावली असणार," ते म्हणाले. "त्या सेंटरचे सगळेच स्कॅन काढून टाक. भरवसा काय त्यांचा?"

सगळेच, म्हणजे तिची दोन वर्षं पाण्यात. आणि माझं नाव त्याहून खोल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रडू नकोस," मी तिला म्हटलं. "लॅपटॉप उघड आधी."

मी मशीनमधली मूळ चित्रं काढली. उजवी म्हणून खूण असलेल्या बाजूलाच पांढरा ठिपका. मग तिच्या लॅपटॉपवरचं तेच चित्र पाहिलं, तर ठिपका डावीकडे. चौघांचंही तेच. बाकी सगळ्यांचे ठिपके जागच्या जागी होते. या चौघांच्या फायली तेवढ्या त्यांच्या लॅबमध्ये एका नव्या प्रोग्रॅममधून बदलून घेतल्या होत्या. बाजू तिथे उलटली होती, माझ्या टेबलावर नाही.

"ताई, वाचवलंस यार!" म्हणत तिने मला घट्ट मिठी मारली आणि तिथूनच मेल पाठवला, दोन्ही चित्रं जोडून आणि फोन स्पीकरवर होता हेही लिहून. स्कॅन सगळे राहिले. मला अभिमान वाटला. भरपूर वाटला, उगाच नम्रपणा कशाला दाखवू? घरी नाहूरला पोचेपर्यंत माझं मनातल्या मनात त्या डॉक्टरांना चार-पाच वेळा उत्तर देऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरच्या फोनवर तेच होते.

"मॅडम, माझी चूक झाली. मी तुमच्याबद्दल जे बोललो..."

"सर, पेशंट टेबलावर आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

एकोणीस वर्षांत एखाद्या डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत मी फोन ठेवला, तो फक्त त्या दिवशी. अर्ध्या तासाने त्यांनी परत केला.