डोंगरावरच्या वाडीतले मोह

"पयलं जंगल कशाला म्हनायचं ते ठरवा, मग भांडा!" समोर कितीही मोठा साहेब असो, ताई चष्मा कपाळावर सरकवून हेच म्हणायच्या. मूळच्या वसईतल्या गास गावच्या, त्यामुळे चिडल्या की घरची बोली बाहेर यायची.

कामणच्या काजूच्या गोदामात ताई आणि मी एकाच टेबलाशी बसायचो. जव्हारकडच्या डोंगरातून काजू यायचा. जंगल तोडून लावलेला नाही ना, हे उपग्रहाच्या नकाशावर बघितल्याशिवाय तो परदेशी जात नसे. पण खरेदीदार चार आणि चौघांचं जंगल वेगळं! एकाच वाडीला एक शेत म्हणायचा, दुसरा जंगल. शेतकऱ्याने काय डोकं आपटायचं?

चौघांचा मिळून एकच नियम करायचा, असं ताईंनी मनावर घेतलं. बाप रे, काय पिच्छा पुरवला! फोनवर कुणी टाळाटाळ करू लागला की म्हणायच्या, "बोला तुम्ही, मी जेवता जेवता ऐकते." आणि खरंच भाकरीशी सुकट खात ऐकत बसायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं चिवट माणूस असेल. त्याला आपण हसतो आणि त्याच्यावाचून आपलं पानही हलत नाही.

शेवटी नियम झाला. ताईंनी पेढे वाटले. मग नवा नकाशा उघडला, तर एका वारली विधवेची वाडी चौघांकडेही जंगल! काजूच्या मध्ये तिने सासऱ्याच्या वेळची मोहाची झाडं राखली होती. इतकी दाट सावली दिसली की जंगल, असं ठरलं होतं. कागदावर ते ताईंनाही पटलं होतं. आधी निदान दोघे तिचा काजू घ्यायचे. आता कुणीच घेणार नव्हतं, आणि तिचं घर त्या काजूवरच चालायचं.

"मीच सांगते तिला," ताई म्हणाल्या. मी सोबत गेलो. बाईने सगळं ऐकलं, चहा दिला आणि विचारलं, "मंग मोह तोडू का?"

"नको गं. थांब, मी नियम बदलून घेते," ताई कशाबशा म्हणाल्या. परतताना गाडीत रडल्या. "ठेवले तर जंगल, तोडले तर जंगलतोड. तिने करायचं काय रे?"

पुन्हा फोन सुरू झाले. तशातच ताईंचं दुखणं निघालं आणि बघता बघता त्या गेल्या. फार वाईट झालं. नियम अजून तसाच आहे. मी फोन करतो, पण माझा कुणी उचलत नाही.

यंदा काजूच्या दिवसांत ती बाई गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. रिकाम्या हाताने आली होती.

"त्या ताईला बोलव ना," म्हणाली. "मोह नाय तोडलं, येवढंच सांगाया आले."