आई नावाची फाईल

तुम्ही दोघं लहान असताना तुमची आई तुम्हाला झोपवायला भुलाबाईच्या गाण्यांची सीडी लावायची, आणि मी फोनवर विचारायची, "खालच्या पट्टीतला जाड आवाज ऐकू येतो ना? ती मी." ते खरं नव्हतं. मी खोटं बोलत नव्हते, पण ते खरं नव्हतं. हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. कसं कळलं ते तुम्हाला नीट लिहून ठेवते, कारण तुमचा मामा सांगेल तेव्हा ते तीन वाक्यांत आणि हसत सांगेल.

मुंबईच्या एका कंपनीला आमची जुनी गाणी नव्या पद्धतीने काढायची होती. या पद्धतीत ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंनी आवाज येतो, डोक्यावरूनसुद्धा. भुलाबाईच्या सणाला बायका गोल बसून गातात, म्हणून त्यांना ती कल्पना आवडली. ऐकणारा मधोमध, आणि गाणाऱ्या त्याच्याभोवती. पण त्यासाठी तयार गाणं चालत नाही. प्रत्येक आवाज, प्रत्येक वाद्य सुटं करून पाठवावं लागतं. त्या सुट्या फायलींना स्टेम म्हणतात. मामाने अकरा वर्षांपूर्वी प्रताप नगरच्या घरी केलेलं सगळं रेकॉर्डिंग जपून ठेवलं होतं, तेवढं श्रेय त्याला देते. पण कंपनीने पाठवलेल्या इंग्रजीतल्या नऊ पानी सूचना त्याने उघडूनही पाहिल्या नाहीत.

"आई, तू वाच ना. तुले आवडते असं काही."

आवडतं. मी सदतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि परीक्षा विभाग सांभाळला. सूचना वाचून त्या पाळणं मला जमतं. मी वही केली, रकाने आखले. प्रत्येक फाईल शून्य सेकंदापासून सुरू व्हायला हवी, मग ती बाई गाण्यात दोन मिनिटांनी तोंड उघडत असली तरी. सगळ्या फायलींची लांबी सारखी हवी, नाहीतर मुंबईत त्या एकमेकींवर बसणार नाहीत. आवाजावर घातलेला घुमारा काढायचा, तो तिकडे नव्याने घालणार. मामाने मला संगणकावर कुठे काय दाबायचं ते एकदा दाखवलं आणि तो कामाला निघून गेला. बेसा भागातल्या आमच्या या नव्या फ्लॅटमध्ये दुपारी कूलर लावून मी एकेक गाणं काढत बसे. नऊ गाणी, प्रत्येकी सात फायली: ढोलकी, टाळ, पेटी, आणि चार बायका. एक उमरेडची माझी धाकटी जाऊ, दोन प्रताप नगरच्या शेजारणी, आणि मी. माझ्या फायलीला मामाने 'आई' एवढंच नाव दिलेलं होतं.

फाईल तयार झाली की मी लांबी बघायची, आकार बघायचा, वहीत खूण करायची. सगळं तंतोतंत जुळलं. ऐकलं मात्र एकदाही नाही. कूलरच्या आवाजात काय ऐकणार, असं मनाशी म्हटलं. खरी गोष्ट अशी की आकडे जुळले की मला पुढे काही तपासायची सवयच नाही.

चार दिवसांनी मुंबईहून मिक्सिंग करणाऱ्या मुलीचा फोन आला. फार आदबीने बोलली.

"काकू, इतके नीट स्टेम मला कोणी पाठवत नाही. फक्त एक आहे, 'आई' नावाची फाईल नऊच्या नऊ गाण्यांत रिकामी आहे. पूर्ण शांत. म्यूट असताना एक्स्पोर्ट झाली असेल. काही हरकत नाही, गाईड असेल तर तशीही मला लागत नाही."

"रिकामी कशी? आकार तर बाकीच्यांएवढाच आहे."

"हो काकू, शांततेचीही फाईल तेवढीच मोठी होते."

माझी चूक झाली या विचाराने मला तेव्हा लाज वाटली. मी कूलर बंद केला आणि पहिलं गाणं उघडलं. 'आई'च्या ओळीवर म्यूटचं बटण पेटलेलं होतं. दुसऱ्या गाण्यात पेटलेलं. नवव्यातही. मी काही दाबलं नव्हतं, ते आधीपासून तसंच होतं. मग मी ते काढलं आणि बाकी सगळे आवाज बंद करून फक्त स्वतःला ऐकलं.

एक बाई गात होती. शब्द स्पष्ट, जोडाक्षरं स्पष्ट, प्रत्येक ओळीचा शेवट चावून तोडलेला. श्रुतलेखन घालावं तसं. बेसूर नव्हती, पण ठेक्याच्या सतत अर्धं पाऊल पुढे होती. आणि पट्टी वरची होती. मग मी एकेक करून बाकीच्या तिघींना ऐकलं. खालच्या पट्टीतला जाड, उबदार आवाज माझ्या जावेच्या फायलीत होता. अकरा वर्षं मी तो माझा समजत होते. रेकॉर्डमधला आपला आवाज आपल्याला परकाच वाटतो असं सगळे म्हणतात, मी त्यावर विश्वास ठेवला होता.

संध्याकाळी मामा आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"माझा आवाज म्यूट का आहे?"

"कोणता? अच्छा, ती गाईड आहे आई." तो मोजे काढत बोलत होता. "तुले सगळे शब्द पाठ होते, म्हणून पहिले तुझं घेतलं. मग त्या एकेक जणी कानाला हेडफोन लावून तुझं ऐकत गायल्या. गाईड म्यूटच करतात. सगळीकडे करतात."

"मला म्हणाला होतास, आई, तू पुढे गा, बाकीच्या तुझ्यामागे येतील."

"तेच तर. गाईड."

"मला वाटलं, मी गाते आहे."

त्याने मोजे बुटात कोंबले. मग म्हणाला, "तू धावून राहिली होती ना आई. ठेवून पाहिलं होतं मी. नाही बसत होतं."

"मग सांगायचं. परत गायले असते."

"तू परत गायली असती, आणि आम्हा सगळ्यांची परत तालीम घेतली असती. मे महिन्यात. कूलर बंद करून."

तो हसला. मी हसले नाही. मी आतून सीडीचं कव्हर आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर चौघींची नावं छापली आहेत, माझं पहिलं.

"मग हे कशाला?"

"बाबा म्हणाले, नाव टाक तिचं. तिला काय कळणार आहे."

तुमच्या आजोबांना मी आता विचारू शकत नाही. ती सीडी लागली की ते डोळे मिटून मान हलवायचे आणि मी "कसं वाटलं?" विचारलं की "छान" म्हणायचे. मी ती किती जणांना दिली! शाळेत दिली, डॉक्टरांना दिली, तुमच्या आईच्या लग्नात पाहुण्यांच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी जावेला उमरेडला फोन केला.

"तुला माहीत होतं?"

"मले माहीत होतं जाऊबाई. पह्यल्याच दिवशी ऐकलं तं समजलं मले, तुमी त्याच्यात नाही म्हनून."

"आणि तू बोलली नाहीस."

"कोन सांगन तुमाले? तुमी किती खुश होत्या वं. अन् मी का म्हनू, तो आवाज तुमचा नाही, माहा हाये? तुमी म्हनाल, काहून जळते बाई." मग तिचा आवाज खाली आला. "तुमी सगळ्याईले सांगत फिरल्या, तो जाडा आवाज माहा. मी तं काईच नाही म्हटलं."

यावर मी फोन ठेवला. ती बरोबर होती आणि मला ते त्या क्षणी सहन होण्यासारखं नव्हतं.

पण मी ठरवलं, या वेळी माझा आवाज जाणार. नऊही गाण्यांचं म्यूट काढून मी 'आई'ची फाईल पुन्हा केली, या वेळी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐकली आणि पाठवली. मामा दारात उभा राहून बघत होता. "पाठव," म्हणाला, "तुझं समाधान होऊ दे." 'समाधान' या शब्दाने मला जितका राग आला तितका आदल्या दिवशीच्या कशाने आला नव्हता.

मुंबईच्या मुलीने पंधरा दिवसांनी हेडफोनवर ऐकायची प्रत पाठवली. फोनवर म्हणाली, "काकू, तुम्हाला मागे ठेवलंय, जरा हळू. तुम्ही म्हणाल तर तुमची प्रत्येक ओळ ओढून ठेक्यावर बसवते. दहा मिनिटांचं काम आहे, कोणाला कळणारही नाही."

"नको. आहे तशी ठेव."

मी हेडफोन घालून बसले. समोर जाऊ, डावीकडे आणि उजवीकडे शेजारणी, आणि माझ्या डोक्यामागे ती बाई. ती घाईत होती. पण खरं वाईट ते नव्हतं. तिघी आता अशा वेगवेगळ्या आणि जवळ आल्या होत्या की त्यांचे श्वाससुद्धा ऐकू येत होते. त्यांच्या कानात तेव्हा माझा आवाज होता. ओळ संपायच्या आत मी पुढची उचलत होते आणि त्या तिघी श्वास अर्धवट सोडून मागून येत होत्या. जाऊ एका ठिकाणी सूर लांबवायला लागते आणि मध्येच तोडते, कारण मी पुढे निघालेली असते. जुन्या सीडीत हे सगळं पेटीखाली झाकलं गेलं होतं. त्या गाण्यांची गती मला फार आवडायची, मी ती कौतुकाने सगळ्यांना सांगितली होती. ती गती म्हणजे तीन बायका माझ्यामागे धापा टाकत पळत होत्या, एवढंच. आवाज बंद करून मामाने मला गाण्यातून काढलं होतं, आणि तरी मी त्यात होते, जिथे असू नये नेमकी तिथे.

मी त्या मुलीला फोन करून सांगितलं, 'आई' काढून टाक. कागदपत्रांत गायिका चार लिहिलं होतं, ते स्वतः तीन केलं आणि मूळ फॉर्मवर सही करून स्कॅन पाठवला. मामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "पाहिलं ना? सांगत होतो." त्याने सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं त्याने काहीच सांगितलं नव्हतं. पण मी वाद घातला नाही. गाण्याबद्दल तो बरोबर होता, हे मी त्याला अजून म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.

भाद्रपदात प्रताप नगरला शेजारणीकडे भुलाबाई बसल्या. दर वर्षी सुरुवात मी करते. जाऊ एसटीने आली होती, फोननंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. ती नेहमीसारखी माझ्या पाया पडली आणि शेजारी बसली. मी म्हटलं, "आज तू सुरू कर, माझा घसा धरलाय." तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सुरू केलं. मी गोलात बसून प्रत्येक गाण्याला नुसते ओठ हलवले, टाळ्या वाजवल्या. एकही शब्द बाहेर काढला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिने सूर हवे तेवढे लांबवले.

खिरापत वाटताना शेजारीण म्हणाली, "आज कसं छान जमून आलं, नाही?"

"हो," मी म्हटलं, आणि द्रोण पुढे केला.