बाराव्या नंबरची चप्पल

आमच्या घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण 'नंबर' सगळ्यांना येत होता.

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चष्म्याला नंबर. धाकट्या दिराचा वर्गात एकतिसावा नंबर (वर्गात पोरं बत्तीस!). गिरणीत दळणाचा नंबर, दवाखान्यात सुईचा नंबर. आळीतला एखादा म्हातारा फार खोकायला लागला, की आत्याबाई, म्हणजे सासूबाई, हळूच म्हणायच्या, "आता यांचा नंबर." आणि घरात लग्नाची पोरगी असली की तिचाही नंबरच. एवढ्याशा शब्दावर आर्वीतला आमचा अख्खा संसार चालला होता.

पण सगळ्यात मानाचा नंबर कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातला. ही गोष्ट ऐंशीच्या आगेमागची. राकेल यायचं त्या दिवशी दुकानासमोर सकाळपासून रांग, पण रांगेत माणसं कमीच. कोणाची वीट, कोणाची फुटकी बादली, कोणाचं जुनं पायताण. माणूस घरी भाकरी थापतोय आणि त्याची वीट रांगेत! रांग पुढे सरकली की मागचा माणूस पुढच्याची वीट पायानं ढकलायचा. नियम दोनच. चांगली वस्तू ठेवायची नाही, कारण ती कोणीतरी घेऊन जातो. आणि ठेवली की पाळी येईपर्यंत उचलायची नाही. उचलली की नंबर गेला.

त्या दिवशी माझी नणंद सुमन हिला बघायला रोहण्याचे पाहुणे आले होते. मुलगा आणि त्याचे वडील. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, त्यामुळे आत्याबाई सकाळपासून देवासमोरून हलल्या नव्हत्या. मी पोह्यांना फोडणी दिली आणि स्टोव्ह भस्स करून विझला. राकेल संपलं!

"आवं, आताच संपाचं होतं का याले?" आत्याबाई कुजबुजल्या. "पोहे शेजारून शिजवून आन. अन् पयले कंट्रोलात नंबर लाव, नाई तं संध्याकाळी उपाशी!"

मी धावत बाहेर आले. ओसरीवर चपला उतरवलेल्या. पाहुणे म्हणजे वीस एकरांचे धनी, ते काय फाटकं घालून येणार? म्हणून त्यातली सगळ्यात गयीगुजरी, अंगठ्याला खिळा ठोकलेली एक चप्पल मी बिनघोर उचलली. आमच्या ह्यांचीच, दुसऱ्या कोणाची असणार! दुकानासमोर एका विटेमागे ठेवली. नंबर बारावा. परत येऊन शेजारच्या सिगडीवर पोहे केले, चहा केला. मीही शहाणी, घरही वाचवलं, असं मनातल्या मनात चाललं होतं.

पोहे आवडले. सुमन आवडली. मुलगा तर खाली मान घालून दोनदा हसला. पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, म्हणाले, "घरी इचारून कळवतो. आता बस गाठाची हाय," आणि ओसरीवर गेले.

"माही एक चप्पल कुठं गेली?"

सगळे शोधायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "कुत्र्यानं नेली असन."

"कुत्रा नेमकी एकच काऊन नेईन? अन् बाकीच्या येवढ्या चांगल्या चपला सोडून?"

मी हातातली बशी खाली ठेवली. मी ह्यांच्या कानात सांगितलं, "मी नेली. नंबराले ठेवली."

"काऊन?" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण बाहेर आली.

"मले वाटलं तुमचीच हाय."

"म्हंजे माही चप्पल अशी फाटकी राह्यते?"

पाहुण्यांचा चेहरा लाल झाला. अपमान तर आता दोघांचाही झाला होता! आतून सुमनचा हुंदका ऐकू आला. मी पदर खोचला आणि दुकानाकडे पळाले. मागून पाहुणे, एका पायात चप्पल, दुसरा पाय तापल्या रस्त्यावर. त्यांच्यामागे मुलगा, हे, मामाजी. वरातच निघाली!

चप्पल तोवर तिसऱ्या नंबरवर सरकली होती. मी हात घातला, तर मागची बाई ओरडली, "वहिनी, उचलता? मंग लागा शेवटी!"

पाहुणे हे सगळं बघत उभे. ही त्यांची चप्पल. हा विटेचा तुकडा. मागे वीस-पंचवीस नंबर. मी डोळे मिटले. गेलं स्थळ.

"थांबा, सूनबाई," ते म्हणाले. "उचलू नका. दोनच तं राह्यले पुढं! आमी बी रोहण्यात असंच करतो. डबा घेऊन या. मी उभा राह्यतो."

आणि ते खरंच उभे राहिले. एक पाय चपलेत, दुसरा त्यावर दुमडून, बगळ्यासारखे. मामाजी ओशाळून छत्री धरून शेजारी. राकेल मिळालं, चप्पल मिळाली, पण बस गेली. मग काय, त्याच राकेलवर वांग्याची भाजी अन् भाकरी झाली, आणि जेवता जेवता पाहुणे म्हणाले, "आता घरी काय इचाराचं? पोरगी पसंत हाय."

लग्न झालं. पंगतीत व्याही नव्या कोऱ्या चपलांनी आले, पण त्या मांडवाच्या दारात उतरवल्या नाहीत. पिशवीत घालून मांडीशी घेऊन बसले. मी जिलबीचं ताट घेऊन समोर वाकले.

त्यांनी आधी पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली, आणि मग पान पुढे केलं.