पोटगी सोडली, मुलगी घेतली

या बाईने स्वतःच्या मुलीचा सौदा केला, असं समोरचा वकील कोर्टात म्हणाला तेव्हा मी ताडकन उठून ओरडले. माझ्या वकीलबाईने हात धरून मला खाली बसवलं. तो खोटं बोलत असता तर एवढा राग आला नसता.

मी काशीदची. किनाऱ्यावर शहाळी विकत सुरुवात केली, आज पर्यटकांना चार खोल्या देते. मुंबईची माणसं भाडं पाडून मागतात, गाडीत बसून निघाल्यासारखं करतात आणि शेवटी माझ्याच आकड्यावर येतात. समोरच्याला काय हवंय आणि काय नकोय, हे मला त्याच्या तोंडावरून कळतं. सात वर्षांपूर्वी नवऱ्याशी फाटलं तेव्हाही हीच अक्कल वापरली.

आमच्याकडे लग्न मोडायचं तर गावकी बसते. देवळासमोर सतरंजी, दोन्हीकडची माणसं, मध्ये गावातले जाणते. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. नवरा म्हणाला, पोरगी माझ्या आईकडे राहील. त्याला पोरगी नकोच होती, पोटगी चुकवायची होती. मी सरळ म्हटलं, "पोटगी सोडते. माझी सोडते, पोरीचीपण सोडते. पोरगी मला लिहून दे."

"काय गो, म्हावरं घेतंस का पोर?" त्याचा काका म्हणाला. मासळीचं नाव निघताच सगळे हसले.

"म्हावऱ्याला कोण लिहून मागतं, काका? मला कागद हवा."

बाँड पेपरवर लिहिलं. पाच जणांनी सह्या केल्या. अलिबागला जाऊन नोटरीचा शिक्का मारून आणला. यापेक्षा चांगला व्यवहार मी आयुष्यात केला नाही, असं बहिणीला फोन करून सांगितलं.

सात वर्षं तो फिरकला नाही. पोरीला कावीळ झाली तेव्हा नाही, शाळेत घातली तेव्हा नाही. आणि मग कोर्टाची नोटीस आली. आता पनवेलला त्याचा फ्लॅट आहे, पक्की नोकरी आहे, आणि त्याला मुलीचा ताबा हवा आहे. मी घाबरले नाही. कागद घेऊन अलिबागला गेले.

वकीलबाई माझ्याहून लहान. तिने कागद दोनदा वाचला. "ताई, हे असं लिहायला कोणी सांगितलं?"

"गावकीने. आमच्यात असंच चालतं. माझ्या मावशीचं असंच झालं."

"मावशीच्या वेळी कोणी कोर्टात गेलं नाही, म्हणून चाललं. लग्न मोडल्याचं बघू, तशी चालीरीत सिद्ध करता आली तर ते टिकेलही. पण मुलीची पोटगी मुलीची असते, ती तुम्हाला सोडता येत नाही. आणि ताबा नवऱ्याने लिहून दिला म्हणून तुमचा होत नाही. मुलीचं भलं कशात आहे, एवढंच कोर्ट बघतं."

"म्हणजे मी दिलं ते माझं नव्हतं, आणि घेतलं ते त्याचं नव्हतं?"

"हो."

आता दोघांनीही आपली कमाई शपथेवर लिहून द्यायची, मुलीला न्यायाधीश आत बोलावून विचारणार, हे सगळं ती समजावत राहिली. मला पुढचं ऐकू येत नव्हतं.

सह्या करणाऱ्या पाचांच्या दारात जाऊन आले. साक्षीला या म्हटलं. सगळ्यात थोरला म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवलंत. आम्ही नुसते बसलो व्हतो." पाचांतला एकही आला नाही. हे मी विसरणार नाही.

न्यायाधीश मॅडमनी पोरीला एकटीला आत बोलावलं. वीस मिनिटं. ती बाहेर आली ती सरळ माझ्या स्कूटीकडे चालत गेली. परतताना नागाव गेलं, चौल गेलं. रेवदंड्याच्या पुढे मला राहवेना.

"काय विचारलं मॅडमनी?"

"शाळेचं. मैत्रिणींचं. आई रागावते का ते."

"मग? तू काय सांगितलंस?"

"मॅडम म्हणाल्या, घरी सांगायचं नसेल तर नको सांगू."

मी म्हटलं, सायकल घेऊ तुला. मोबाइलपण घेऊ. मग म्हटलं, मे महिन्यात पंधरा दिवस बाबाकडे जा, मी एक शब्द बोलणार नाही. बरं, महिनाभर जा.

मागून आवाज आला, "आई, मी किती म्हटलं की तू थांबशील?"

मी गाडी कडेला घेतली. वळले, तोंड उघडलं. तेवढ्यात तिने खांदे वर ओढले आणि डोळे घट्ट मिटले. अंगावर लाट येताना मिटतात तसे. मी अजून काही बोललेही नव्हते.

न्यायाधीशांना तिने काय सांगितलं असेल, ते मला तिथे रस्त्यात कळलं. मी पुढे वळून गाडी सुरू केली.

निकाल अजून यायचा आहे. मी दर दोन दिवसांनी वकीलबाईला फोन करते. मॅडमना एकदा सांगा, मी आता ओरडत नाही. ती म्हणते, असं जाऊन सांगता येत नाही, ताई. का येत नाही, असं मी काल विचारलं. ती म्हणाली, "ताई, आधी आवाज खाली करा."